‘जन गण मन’ ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्जसाठी लिहिले गेले होते का?

बडोदेकर: आमच्या दांडिया बाजारातील कट्ट्यावर हा वाद दर जानेवारीत हमखास रंगतो, जाणकारांनी खुलासा करावा.

मांडवीकर: नाही. हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायले गेले. त्याच दिवशी सम्राटाच्या स्वागताचे एक निराळे हिंदी गीतही झाल्याने इंग्रजी वृत्तपत्रांनी दोहोंची गल्लत केली, आणि पुढे १९३७ मध्ये रवींद्रनाथांनी पत्र लिहून, आपला भाग्यविधाता कोणताही जॉर्ज असूच शकत नाही, असे स्पष्ट केले.

जुना वाचक: योगायोग पाहा, त्याच महिन्यात दिल्ली दरबारात आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांनी सम्राटाकडे पाठ फिरवल्याचा केवढा गवगवा झाला होता!

मांडवीकर: राष्ट्रगीताचा मान मात्र २४ जानेवारी १९५० रोजी, पाचांपैकी पहिल्याच कडव्याला मिळाला.