मदत हवी आहे: 1971 ची फियाट 1100 डी – आधी दुरुस्ती करावी की आहे तशीच विकावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

जुन्या मोटारींची दुरुस्ती किंवा खरेदी-विक्री ज्यांनी स्वतः केली आहे, अशांचा सल्ला मला हवा आहे. वडिलांनी 1971 साली नवी घेतलेली फियाट 1100 डी आमच्या धंतोलीच्या घरी उभी आहे. वडील गेल्या वर्षी वारले. घर आता पुनर्विकासाला जात असल्याने दिवाळीपर्यंत गॅरेज रिकामे करावे लागेल, आणि माझ्याकडे किंवा पुण्याच्या भावाकडे गाडी ठेवायला बंदिस्त जागा नाही. त्यामुळे गाडी विकायची हे आई, भाऊ आणि मी असे तिघांनीही मान्य केले आहे. मतभेद आहे तो तिच्यावर आधी किती पैसे घालायचे यावर.

गाडीची स्थिती सविस्तर सांगते. ती काही वर्षे चाललेली नाही, पण पाना लावून फिरवल्यास इंजिन मोकळे फिरते. 1089 सीसीचे मूळ इंजिन आहे, इंजिन व चेसिस क्रमांक आरसी बुकाशी जुळतात आणि नंबर जुना तीन अक्षरी मालिकेतला आहे. स्टिअरिंगखालचा गिअर, मीटर, काचा, चारही दारांच्या क्रोमच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत. एकदा पुन्हा रंग दिला गेला होता, तोही मूळच्याच छटेत. पत्र्याची परीक्षा मी एका अनुभवी मिस्त्रींसोबत बसून केली. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई आणि तिच्याखालचा कुजलेला नमदा उचलला आणि क्लचच्या पेडलजवळच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो पत्र्यातून थेट खाली गेला. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खाचेतही तसेच आहे. दारांखालचे सिल मात्र ठोकून पाहिल्यावर भरीव वाजले. चुंबक फिरवल्यावर मागच्या डाव्या मडगार्डावर तो पकडेना, म्हणजे तिथे जाड पुटी (खड्डे भरायचा लेप) आहे. बाकी बॉडीवर तो सगळीकडे घट्ट बसला.

कामठी रोडवरच्या एका गॅरेजने पूर्ण कामाचा अंदाज असा दिला आहे: पत्रा, डेंटिंग आणि पीयू रंग 1 लाख 90 हजार, इंजिन व गिअरबॉक्स 75 हजार, ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग 40 हजार, वायरिंग 20 हजार, सीट, छताचे कापड व सगळे रबर 55 हजार, क्रोम 30 हजार. एकूण 4 लाख 10 हजार. टायर, बॅटरी आणि उघडल्यावर निघेल ते काम वेगळे. आहे त्या स्थितीत उचलून न्यायला एक गृहस्थ 85 हजार द्यायला तयार आहेत.

भावाचे म्हणणे असे की संकेतस्थळांवर तयार फियाट साडेतीन ते साडेचार लाखांना लागलेल्या दिसतात, त्यामुळे पूर्ण काम करूनच विकावे. मला दोन शंका आहेत. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागणी असते, गाडी त्या किमतीला गेली असा तिचा अर्थ होत नाही. शिवाय चांगला गिऱ्हाईक मिळून साडेतीन लाख आले असे धरले, तरी त्यातले 85 हजार आजच मिळत आहेत, म्हणजे दुरुस्तीने वाढणारी किंमत 2 लाख 65 हजार, आणि तिच्यासाठी खर्च 4 लाख 10 हजार. यात साधारण दीड लाखाचा तोटा दिसतो, आणि काम रखडले तर गाडी ठेवण्याच्या जागेचे भाडे वरून. तरीही 85 हजारांत गाडी देऊन टाकायला मन तयार होत नाही, कारण घेणारा तिचे भाग सुटे करून विकेल अशी दाट शंका आहे, आणि ज्या गाडीचे कार्ब्युरेटर वडील दर रविवारी स्वतः साफ करत, तिचा तसा शेवट आईला आणि मलाही सहन होणार नाही.

तर विचारायचे हे की कोणत्या कामावरचा खर्च विक्रीत परत मिळतो आणि कोणत्या कामावरचा मिळत नाही? आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि तिची मुदतही संपली आहे. ती आधी नियमित करावी की विकत घेणाऱ्यावर सोडावी? पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी असलेली व्हिंटेज नोंदणी केल्यास भाव वाढतो का?

प्रतिसाद 1

ताई, आपला हिशेब बरोबर आहे आणि भावांना तो तसाच दाखवावा. फियाट 1100 डी येथे 1964 पासून बनत होती, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने शतक संपेपर्यंत निघत राहिली. इतक्या मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीला दुर्मिळतेचा भाव मिळत नाही. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यावर जिव्हाळा पुष्कळ वाढला, पण पैसे मोजणारे गिऱ्हाईक त्या प्रमाणात वाढले नाही. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडचा खरेदीदार पूर्वीपासूनच बिचकतो.

मात्र आपल्याकडे जे आहे ते रंगापेक्षा मोलाचे आहे. पहिल्याच घरातली गाडी, जुळणारे क्रमांक, जुना नंबर आणि विदर्भातला पत्रा. मुंबईच्या खाऱ्या हवेत सिल सर्वांत आधी जातात, आपले शाबूत आहेत. जाणता खरेदीदार नव्या रंगाच्या गाडीकडे संशयाने पाहतो, कारण रंगाखाली किती पत्रा आणि किती पुटी आहे हे त्याला दिसत नाही. आपल्या गाडीत त्याला सगळे उघड दिसेल. म्हणून संपूर्ण रंग, सीटचे कापड आणि क्रोम यांना हात लावू नका. या तिन्ही गोष्टी प्रत्येकाला आपल्या आवडीच्या हव्या असतात आणि दुसऱ्याने केलेल्या कामाचे पूर्ण पैसे कोणी देत नाही.

पैसे घालायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर चालेल आणि थांबेल यासाठी. पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुवावी. सगळे पेट्रोलचे पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम बदलावा, कारण जुने रबर आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात टिकत नाही, आणि इथेनॉल ओल धरत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर आणि पाइप नवे घालावेत. इंजिन मोकळे फिरते आहे, तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासल्याशिवाय ते उघडू देऊ नका. आकडे बरे आले तर बोअर करण्याचे, म्हणजे सिलिंडर आतून नव्याने कोरण्याचे, कारणच नाही. पायाखालचा आणि डिकीचा गंजका पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्या, वर फक्त प्रायमर मारा आणि कामाआधीचे, मधले व नंतरचे फोटो जपून ठेवा. सुटे भाग मुंबईच्या चोर बाजारात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळतात. पण नंतरच्या पद्मिनीची जाळी किंवा दिवे बसवायला कोणी सुचवले तर ठाम नकार द्या, कारण 1100 डी शोधणारा माणूस त्याच खुणा आधी पाहतो.

प्रतिसाद 2

कागदांबद्दल लिहितो, कारण भाव खरा तिथेच अडतो. मृत व्यक्तीच्या नावावरची, मुदत संपलेली आरसी असेल तर गंभीर खरेदीदार मागे फिरतो आणि सुट्या भागांचा व्यापारी पुढे येतो. आपल्याला आलेली 85 हजारांची मागणी मला त्यातलीच वाटते. आधी फॉर्म 31 भरून गाडी आईंच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला आणि आपले व भावाचे संमतीचे शपथपत्र लागेल. त्यानंतर फॉर्म 25 ने नूतनीकरण. वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10 हजार आहे, शिवाय पर्यावरण कर आणि विलंबाची रक्कम. तपासणीला गाडी चालू स्थितीत न्यावी लागते, म्हणून ब्रेकचे काम आधी.

व्हिंटेज नोंदणीची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे आपली गाडी वयात बसते, नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार आहे आणि मुदत दहा वर्षांची. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फुटाळा तलावावर चक्कर मारायची हौस असलेल्या खरेदीदाराला साधी नोंदणीच हवी असते. ज्याला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तो ती नंतर करील. त्याची वाट आपण बंद करू नये एवढेच, म्हणजे चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचेच राहू द्यावे.

विम्याचेही बघा. पाच वर्षांवरील गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक परस्परसंमतीने ठरवतात, त्यामुळे कामाच्या पावत्या आणि फोटो तिथेही उपयोगी पडतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. पूर्ण रंगाचा हट्ट त्याने सोडला आहे, पण छताचे कापड लोंबते आहे ते तरी बदलावे असे त्याला वाटते आणि त्यावर आमचे अजून एकमत नाही. ब्रेक, टाकी, पाइप आणि दोन ठिकाणचा पत्रा एवढ्याच कामाचा नवा अंदाज त्याच गॅरेजकडून मागवला. तो 95 हजार आला आहे, टायर वेगळे. त्यांनी इंजिन उघडायचा आग्रह धरला होता, मी आधी कॉम्प्रेशनचे आकडे लेखी मागितले आहेत.

आता या हिशेबाने दोन लाखांच्या आसपास भाव आला तरी 85 हजारांपेक्षा फार कमी हाती पडणार नाही, आणि गाडी चालवणाऱ्याच्याच घरी जाईल. एवढे साधले तर आम्हाला पुरेसे आहे. फक्त एक गोष्ट कळत नाही. गिरीपेठच्या परिवहन कार्यालयात नावबदल आणि नूतनीकरण यांचे अर्ज एकाच वेळी घेतात, की नावबदल पूर्ण झाल्यावरच दुसरा अर्ज स्वीकारतात? नागपुरात कोणी अलीकडे हे काम केले असल्यास कृपया लिहावे, म्हणजे गाडी तपासणीला नेण्याचा दिवस त्याप्रमाणे ठरवता येईल.