मदत हवी आहे : मुक्कामी ४५ जण, पाणी आणि शौचालयाचं कसं करायचं?

मंडळी नमस्कार. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, त्या लढाईचा प्रयोग आमचा गट करतोय. खऱ्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथला मुक्काम कोणालाच नको! म्हणून घोडबंदर रोडला एक खासगी मैदान मिळालंय. शनिवारी रात्री मुक्काम, रविवारी सकाळी लढाई.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब माणशी चार लिटर धरलाय, म्हणजे २० लिटरचे नऊ जार. वापरायच्या पाण्याला छोटा टँकर पुरेल का? फिरती शौचालयं किती घ्यावीत? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, दोन पुरतील. पहाटे पाचला सगळे एकदम उठणार आणि बाराबंदी घातलेला मावळा रांगेत किती वेळ उभा राहील, याचा त्याने विचार केलेला दिसत नाही. मुलींसाठी वेगळी सोय हवीच.

गेल्या वेळी पोशाख रात्रभर दोरीवर राहिले. दवाने इतके भिजले की बाराबंदीच्या बंदांच्या गाठी सुटेनात, शेवटी एकाने दाताने सोडवल्या. यंदा कपडे आणि फायबरच्या ढाली टेम्पोतच ठेवू.

येऊरचं जंगल जवळ, त्यामुळे खरकटं उघड्यावर टाकायचं नाही. कुत्री येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या. जेवण पिठलं-भाकरी, बाहेरून.

ठाण्यात तंबू आणि शौचालयं भाड्याने देणारं कोणी खात्रीचं माहीत आहे का? पोलीस ठाण्यात अर्ज किती दिवस आधी दिलात, तेही सांगा.