नुसता कॅमेरा चालू ठेवून काय होणार?

‘ऑनलाइन तासाला सरांचा चेहरा सतत दिसला की मुलांशी नातं जुळतं’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मी नोकरी करणाऱ्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन अकाउंट्स शिकवते. साडेसातच्या तासाला निम्मी मुलं कल्याण लोकलमध्ये असतात. दादरला गर्दी चढली की फोन थेट खिशात! माझा चेहरा बघतंय कोण?

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या अभ्यासकांनी २००० साली ऑनलाइन शिक्षणासाठी मांडलेल्या चौकटीतही शिक्षकाची उपस्थिती म्हणजे आखणी, चर्चेला वळण देणं आणि प्रत्यक्ष शिकवणं. त्यात चेहरा दिसलाच पाहिजे असं कुठे नाही.

माझ्याकडे उपयोग झाला तो व्हॉइस नोटचा. एका मुलीने दुकानाचं भाडं दिल्याची नोंद करताना भाडं खातं नावे (डेबिट) टाकण्याऐवजी जमेला (क्रेडिट) टाकलं होतं. लाल फुली मारण्याऐवजी तिचं नाव घेऊन मिनिटभर बोलले, ‘अगं, खर्च झालाय ना? मग भाडं नावे, रोख जमा.’ मागे कुकरची शिट्टीही रेकॉर्ड झाली. तिचं उत्तर आलं, ‘मॅडम, डाळ का?’ चार महिन्यांत तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

अर्थात चाळीस मुलांना दर आठवड्याला हे जमत नाही. मी आळीपाळीने दहा-दहा घेते.