मंदोदरीच्या विलापाला रडावं की नाही?

वैदर्भी
नमस्कार मंडळी. चातुर्मासात आम्ही काही बायका शनिवारी दुपारी वाल्मीकिरामायण वाचतो. एकीनं श्लोक म्हणायचे, दुसरीनं अर्थ सांगायचा. या वेळी मंदोदरीचा विलाप आला आणि अर्थ सांगायची पाळी माझी होती. ‘तू आधी इंद्रियं जिंकलीस, मग त्रिभुवन जिंकलंस; तेच वैर लक्षात ठेवून जणू इंद्रियांनी तुला जिंकलं,’ असं ती मेलेल्या नवऱ्याला म्हणते. तिथे दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

त्यावर एक काकू रागावल्या. पोथी वाचताना रावणासाठी कसलं रडता, म्हणाल्या. एका काकूंची सून म्हणाली, रावण वाईट नव्हताच. बहिणीच्या अपमानाचा बदला घेतला आणि सीतेला बोटसुद्धा लावलं नाही. मला दोघींचंही पटलं नाही, पण बोलता काही आलं नाही. कवीनं रावणाला इतकं मोठं का केलंय? आपल्याला त्याची कणव यावी अशी त्याची इच्छा आहे का? जाणकारांनी सांगावं.

मिलिंद_ठाणे
भागवतात उत्तर आहे ना, ताई. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. शापामुळे आधी हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र झाले. तिन्ही जन्मी विष्णूशी वैर करून शेवटी घरी परतले. वैरानंही देवाचं अखंड ध्यान घडतं. तेव्हा खुशाल रडा, रावण तरला आहे.

पाठकबाई
मिलिंद, ही कथा मलाही प्रिय आहे. पण तिनं रावणाच्या मुक्तीचा उलगडा होतो, मंदोदरीच्या दुःखाचा होत नाही. ती विधवा झाली आहे, मुलगा आधीच गेला आहे. द्वारपालाची गोष्ट सांगून तिला गप्प करू नये असं मला मनापासून वाटतं.

वैदर्भीताई, मी शाळेत संस्कृत शिकवायचे आणि हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारायची. माझं म्हणणं असं, की कणव वाल्मीकींनीच ठेवलेली आहे, ती आजकालची टूम नाही. सुंदरकांडाचा एकोणपन्नासावा सर्ग काढा. हनुमान दोरखंडांनी बांधलेला रावणापुढे उभा आहे, शेपटीला आग लागायची वेळ जवळ आली आहे, आणि मनात म्हणतोय, ‘अहो रूपमहो धैर्यमहो सत्त्वमहो द्युतिः’. अधर्म एवढा बळावला नसता तर हा इंद्रासकट देवलोकाचा रक्षणकर्ता झाला असता, असंही त्याला वाटतं. रामाच्या सगळ्यात निष्ठावंत दूताच्या तोंडी ही स्तुती आहे! शत्रूचं मोठेपण कवीनं शत्रूच्या गोटातल्या माणसाकडून वदवलं नाही.

आता त्या सूनबाईंचं. ‘बोटही लावलं नाही’ हे मोबाईलवर फिरतं, पण अरण्यकांडात रावण सीतेला डाव्या हातानं केसांना आणि उजव्या हातानं मांड्यांना धरून उचलतो. अशोकवनात तिला मुदत देतो: दोन महिन्यांत वश झाली नाहीस तर माझे आचारी माझ्या न्याहारीसाठी तुझे तुकडे करतील. तिच्यावर बळजबरी का केली नाही याचं कारण तो स्वतःच युद्धकांडात आपल्या दरबारातल्या महापार्श्व नावाच्या राक्षसाला सांगतो. पुंजिकस्थला नावाच्या अप्सरेवर त्यानं अत्याचार केला होता, म्हणून ब्रह्मदेवाचा शाप होता: पुन्हा असं केलंस तर डोक्याची शंभर शकलं होतील. उत्तरकांडात रंभेची कथा आणि नलकूबराचा शाप आहे, तोही याच जातीचा. याला संयम कसा म्हणायचं?

आणि बहिणीचा कैवार? उत्तरकांडाप्रमाणे शूर्पणखेचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून लढाईत मारला गेला. ती त्याच्यापुढे आक्रोश करते, तेव्हा तो तिला खर नावाच्या राक्षसाच्या सोबतीनं दंडकारण्यात पाठवतो. पुढे नाक-कान कापलेली तीच बहीण दरबारात येते आणि सीतेच्या रूपाचं वर्णन करते. त्यानंतर रावण कशासाठी निघतो, ते सर्ग सलग वाचले की कुणालाही कळेल.

माझ्या मते सगळ्यात मोठी जागा इंद्रजिताच्या वधानंतरची आहे. बाप कोसळतो. मी गेल्यावर मुलानं माझं उत्तरकार्य करायचं, त्याऐवजी मीच तुझं करायचं का, असं म्हणून रडतो. वाचणाऱ्याचाही गळा दाटतो. आणि तोच बाप लगेच तलवार उपसून अशोकवनाकडे धावतो, सीतेला मारायला. सुपार्श्व नावाचा अमात्य आडवा येतो म्हणून ती वाचते. दुःख खरं आहे आणि ते एका निरपराध बाईवर उलटतंय, हे दोन्ही कवी एकाच सर्गात दाखवतो. कणव आली म्हणून हिशेब मिटत नाही. सूनबाई यातली तलवार वगळतात, काकू अश्रू वगळतात.

सुबोध_कोलकाता
पाठकबाई, फार छान. इथे बंगालात राहून एक भर घालतो. मायकेल मधुसूदन दत्तांचं ‘मेघनादवध काव्य’ १८६१चं, नऊ सर्गांचं. त्यात लक्ष्मण विभीषणाच्या मदतीनं यज्ञगृहात शिरतो आणि पूजेला बसलेल्या नि:शस्त्र मेघनादाला, म्हणजे इंद्रजितालाच, मारतो. वाल्मीकींकडे यज्ञ मोडला जातो हे खरं, पण नंतर समोरासमोर घनघोर युद्ध होतं. मधुसूदनांनी मित्राला पत्रात उघड लिहिलं होतं, की राम आणि त्याच्या टोळीचा मला तिटकारा आहे आणि रावणाच्या कल्पनेनं मी पेटून उठतो. त्यांच्यावर इंग्रज कवी मिल्टनचा प्रभाव होता. मिल्टनच्या १६६७च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या सैतानाबद्दलही वैदर्भीताईंचाच वाद इंग्रजीत आजवर चालू आहे. मला मधुसूदनांचं काव्य अतिशय आवडतं, पण तिथे कवीनं बाजूच बदलली आहे. वाल्मीकी रामाच्या बाजूला राहूनच रावणासाठी जागा करतात, हे मला जास्त अवघड वाटतं.

वैदर्भी
सर्वांचे मनापासून आभार. पाठकबाई, एकच शंका. काकूंची भीती मला थोडी कळते. शत्रूसाठी रडलं की आपली धर्माची बाजू ढिली पडते, असं त्यांना वाटतं. त्यांना मान देऊन काय सांगू?

पाठकबाई
त्यांना रामाचंच वचन वाचून दाखवा. रावण पडल्यावर विभीषण आधी रडतो, आणि मग अग्निसंस्कार करायला कचरतो: हा क्रूर होता, परस्त्रीला हात घालणारा होता, भाऊ असला तरी पूजेला पात्र नाही. राम त्यातला एकही दोष खोडून काढत नाही. तो म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि निर्वृत्तं नः प्रयोजनम्। क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव॥’ मरणापाशी वैर संपलं, आपलं काम झालं, याचे संस्कार कर; हा जसा तुझा, तसा माझाही. ज्याची बायको पळवली गेली तो हे बोलतोय. त्याच्यापेक्षा कडक व्हायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

शनिवारी विलाप पुन्हा पहिल्यापासून घ्या, घाई करू नका. मंदोदरी नवऱ्याचे दोष झाकत नाही: रामाशी वैर नको असं मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, असंही ती त्याच विलापात म्हणते. तो श्लोक काकूंना वाचायला द्या आणि अर्थ सूनबाईंना सांगू द्या. आधी वेळ मिळाला तर कुंभकर्ण आणि रावण यांचं बोलणंही काढून ठेवा. भाऊ चुकला आहे हे तोंडावर सांगून कुंभकर्ण त्याच्यासाठीच लढायला जातो. तुमच्या गटात त्यावरही भांडण होईल, ते झालंच पाहिजे.