ऑपरेशन्स रिसर्च आपल्याकडे नियोजनात रुजले की कारखान्यात?

कोटीतीर्थ (प्रश्न): मी शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. ब्रिटनमध्ये ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणिताने घेण्याचे शास्त्र, युद्धातून निघून कोळसा आणि पोलाद उद्योगांत गेले. आपल्याकडे १९४९ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याचा विभाग निघाला आणि १९५३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते थेट राष्ट्रीय नियोजनाला जुंपले. विकसनशील अर्थव्यवस्थेला त्याचा कितपत उपयोग झाला? प्रकल्पासाठी साखर कारखाना घ्यावा का?

आकडेमोड: नियोजनातला उपयोग मर्यादितच म्हणावा लागेल. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागच्या चार क्षेत्रांच्या प्रतिमानात ५,६०० कोटी रुपयांची गुंतवणूक वाटायची होती. पण त्यातला एक-तृतीयांश हिस्सा भांडवली वस्तूंना द्यायचा हे आधीच ठरवून गणित मांडले होते. उत्पन्न आणि रोजगार दोन्ही याहून जास्त वाढवणारी वाटणी त्याच आकड्यांतून निघते, हे र्‍युतारो कोमिया या जपानी अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्ये दाखवले. तरीही त्या निमित्ताने माणसे तयार झाली आणि १९५७ मध्ये या विषयाची भारतीय सोसायटी उभी राहिली, हे मी कमी मानत नाही.

कागलकर: कारखाना जरूर घ्या. गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागी) ऊस कमी पडला की गाळप थांबते, म्हणून शेती खाते यार्डात गाड्या साठवून ठेवते. इकडे तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन आणि साखर घटते. रांग किती ठेवावी, हा पाठ्यपुस्तकातलाच प्रश्न वाटतो. मात्र वजन घटते ते शेतकऱ्याचे, खोळंबा होतो तो वाहतूकदाराचा, आणि कारखान्याच्या हिशेबात ठळक दिसतो तो गाळप थांबल्याचा खर्च. त्यामुळे ‘कमीत कमी खर्च’ म्हणजे कुणाचा, हे न ठरवता उदाहरण सोडवले तर रांग लांबवणे हेच उत्तर येईल. तोडणीचा क्रमही तसाच आहे. पक्वतेनुसार तोड लावली तर उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) वाढेल, पण उसाची आधी नोंद केलेल्या सभासदाला मागे का ठेवले, हे त्याच्या दारात उभे राहून स्लिपबॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) सांगावे लागते. (ते काम कोणत्याही संगणकाने अजून पत्करलेले नाही.)

आकडेमोड: हे पटते. नरेंद्र करमरकर यांची रेषीय नियोजनाची (मर्यादित साधनांची सर्वांत चांगली वाटणी काढण्याच्या गणिताची) १९८४ ची पद्धत आल्यापासून प्रचंड मोठी उदाहरणेही सुटू लागली आहेत, तेव्हा गणिताची अडचण सांगू नये. वजनकाट्यावरची वेळ नोंदलेली मिळेल. प्रत्यक्ष तोडीची वेळ मात्र फडात जाऊन टोळीच्या मुकादमाकडूनच घ्यावी लागेल, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच त्याची ओळख काढा.