दीपगृहाला रंगरंगोटी अन् शकुंतलेच्या रुळात बाभळी : हे बरोबर आहे का?

बांधावरचा
दिवाळीत लेकीकडे अलिबागला गेलो होतो. रात्री थळच्या किनाऱ्यावर बसलो तर समोर खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा झोत फिरताना दिसला. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. जावई म्हणाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी सजवून लोकार्पण केली. तिथून डोकं फिरलं. आज प्रत्येक जहाजावर जीपीएस असतं, मग दिव्यांवर पैसा कशाला? आमची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला रेल्वे बंद पडून आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आम्ही खामगाव तालुक्यातले, समुद्र पाचशेच्या वर किलोमीटर. आमचा काय संबंध?

सातबारा_कोरा
बराबर बोलले काका. कापसाले भाव नाही अन् तिकडं दिव्याले रंग. दिवा पाहून का पोट भरते?

जिनिंगवाला
काका, खामगावच्या माणसानं हे विचारावं म्हणजे कमाल झाली.

आधी पैशाचं. दीपगृहं केंद्राकडे आहेत आणि १९२७ च्या कायद्यापासून बंदरात येणाऱ्या जहाजांकडून त्यासाठी शुल्क घेतलं जातं. २०२१ मध्ये कायदा नवा आला, वसुली चालूच आहे. म्हणजे तुमच्या शकुंतलेचे पैसे दिव्यात जळत नाहीत.

आता संबंधाचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्याच वर्षी खांदेरीचा दिवा लागला. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला, १८७० ला जलंब–खामगाव रेल्वेफाटा. १८७५ ला मुंबईत कुलाब्याच्या टोकाला प्राँग्स रीफचं दीपगृह उभं राहिलं, कारण तिथे खडकांची रांग पाण्याखाली लांबवर गेली आहे आणि अंधारात ती दिसत नाही. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला, प्राँग्स उत्तरेला. मधून आत शिरायचं. तुमच्या खापरपणजोबाची कापसाची गाठ याच वाटेनं बाहेर गेली.

सातबारा_कोरा
अन् ते शुल्क जहाजवाला घरून देते का? भाड्यात लावते. भाडं शेवटी आमच्याच गाठीवर. काहून नाही सांगत हे?

जिनिंगवाला
येतं, मान्य. पण जहाज खडकावर चढलं की विमा वाढतो, तोही तुमच्याच गाठीवर येतो.

बांधावरचा
इतिहास पटला. जीपीएसचं उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

डेकवरचा_वऱ्हाडी
मी देतो. मूर्तिजापूरचा आहे, अकरा वर्षं मर्चंट नेव्हीत. जीपीएस बिघडवता येतं. जून २०२५ मध्ये इराणजवळच्या होर्मुझच्या भागात इतका गोंधळ होता की जहाजं पडद्यावर भलतीकडेच दिसत होती. अशा वेळी रडार आणि डोळे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते : किती चमका, किती सेकंदांनी. नकाशावर ते छापलेलं असतं. घड्याळ लावून मोजलं की कुठला दिवा ते कळतं, दोन दिव्यांची दिशा घेतली की आपण कुठे आहोत ते.

पण काकांची बाजूही अर्धी खरी आहे. बंदरात शिरताना मोठ्या जहाजावर वाट दाखवणारा बंदराचा पायलट चढतो, पुढे बोये म्हणजे तरंगत्या खुणा असतात, दीपगृहाकडे आता पूर्वीइतकं कोणी टक लावून पाहत नाही. रात्री परतणाऱ्या मच्छीमाराला मात्र तोच दिवा लागतो. दिवा ठेवाच. सेल्फी पॉइंट अन् कॅफेवर खर्च करण्याआधी विचार करा, एवढंच.

शकुंतलेचा_प्रवासी
तुम्ही दोघं दिव्याला अन् गाडीला उगाच भांडायला लावता. दिवा टिकला कारण तो कामावर आहे. शकुंतलेचं १९२१ चं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, तोवर तीही टिकलीच की! तिला संग्रहालय नको, गाडी पाहिजे. तिकीट काढून बसायला मी पहिला.

जिनिंगवाला
हे मात्र शंभर टक्के. आणि काका, खांदेरी नुसता दिवा नाही. १६७९ मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. वेताळाचं देऊळ आहे, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा दगड आहे. थळहून बोट मिळते, पावसाळा सोडून.

बांधावरचा
तीन दिवस लेकीकडे होतो, जावयानं दगडाचं एका शब्दानं सांगितलं नाही. परत जावं लागेल.

सातबारा_कोरा
मले बी घेऊन चाला काका. कापसाची उलंगवाडी झाली, हंगाम संपला की निघू.