मदत हवी आहे : जलतरणपटू मावसभाऊ, दारू आणि डिप्रेशन

मंडळी, थोडं लांबणार आहे. मावसभाऊ २४ वर्षांचा, नॅशनलला मेडल घेतलेला स्विमर, खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून पिणं वाढत वाढत आता सकाळपासूनच चालू असतं, खोलीतून बाहेर येत नाही, मध्ये एकदा मावशीला "जगून काय करू" असं पण म्हणाला. त्याच दिवशी टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून सायकियाट्रिस्टकडे नेलं. डॉक्टर म्हणाले घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, अ‍ॅडमिट करा.

पण काका आणि त्याचे कोच दोघांचं एकच, पूलमध्ये टाका परत, आपोआप सुटेल. आणि दाखला कुणाचा तर अमेरिकन स्विमर मायकल फेल्प्सचा! अहो, फेल्प्स २०१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरला पिऊन गाडी चालवताना पकडला गेला तेव्हा तो पोहतच होता की, रिटायरमेंट सोडून परत आलेला, महिनाभर आधी पॅन पॅसिफिक स्विमिंग स्पर्धेत गोल्ड घेतलेलं. घरात १८ ऑलिंपिक गोल्ड पडलेली आणि हा खोलीत कोंडून, जगावंसं वाटत नव्हतं हे त्यानेच नंतर सांगितलंय. मग अ‍ॅरिझोनातल्या उपचारांच्या सेंटरमध्ये ४५ दिवस राहिला. सहा महिन्यांची बंदी लागली, २०१५ ची कझानची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली. रिओची ५ गोल्ड या सगळ्यानंतरची, आणि डिप्रेशन त्यानंतरही अधूनमधून येतं म्हणतो तो. काकांना यातलं फक्त रिओ आठवतं.

तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात किंवा दुसरीकडे कुणी खेळाडूला ठेवलंय का? डिप्रेशनचे उपचार सोबतच होतात का, की आधी दारू आणि मग बाकीचं? दुसरं, खांद्यासाठी तो ट्रामाडॉल (वेदनाशामक) घ्यायचा, ते २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बॅन आहे, मग सेंटरमधल्या गोळ्यांचं नाडाला (खेळाडूंची डोपिंग तपासणी करणारी संस्था) कळवायचं कसं, टीयूईचा (उपचारासाठी बंदी असलेलं औषध घ्यायच्या परवानगीचा) फॉर्म कुणी भरलाय का? आत्ता त्याला स्पर्धा नाहीये, पण तो स्वतः पहिलं हेच विचारतो, आणि याचं उत्तर मिळालं तर अ‍ॅडमिट व्हायला तयार होईल असं वाटतं.

आणि काकांशी बोलायला एखादा माजी खेळाडू मिळाला तर फार बरं, आमचं ते ऐकत नाहीत. विल पॉवरवरचे सल्ले प्लीज नकोत, ते घरात भरपूर मिळतायत. व्यनि (खाजगी मेसेज) केलात तरी चालेल.